बंद मीटरांची यादी

शहराच्या वाहन विभागात त्याला सगळे 'एक्केचाळीस' म्हणायचे. हे काही लाडाचं नाव नव्हतं. एक्केचाळीस हा कचऱ्याच्या एका लॉरीचा क्रमांक. सात वर्षांपूर्वी ही लॉरी त्याने पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर एका भिंतीत घातली होती. ब्रेक दाबला तो सरळ फळीला टेकला, पण गाडी काही थांबेना. खाली बसथांबा होता आणि थांब्यावर दहा-बारा माणसं. त्याने स्टिअरिंग डावीकडे तोडलं आणि गोदामाची भिंत जवळ केली. माणसं वाचली, गाडी चेपली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची सरळ झाली. आता पातेलं उचलायचं झालं तरी ती दोन बोटं पाहुण्यासारखी बाजूला उभी असतात.

चौकशी अकरा दिवसांत उरकली. अहवालात लिहिलं होतं : मीटरनुसार गाडी फक्त चौतीस हजार किलोमीटर चालली आहे, ब्रेकचं पूर्ण काम चाळीस हजारांना करायचं असतं, म्हणजे ते अजून देय नव्हतं, म्हणजे गाडी सुस्थितीत होती, म्हणजे चूक चालकाची. खाली वाहन विभागाच्या साहेबांची सही. दोन वेतनवाढी बंद, सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा लाल शेरा, आणि गाडी चालवायला बंदी.

"मग याला ठेवायचं कुठे?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "टाका लॉगबुकच्या खोलीत. बसू दे आकडे मोजत."

साहेबांच्या आयुष्यातली ती सगळ्यात महागडी चेष्टा ठरली. पण ते कळायला सात वर्षं जावी लागली.

लॉगबुकची खोली डिझेल पंपासमोर होती. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, तीन लोखंडी कपाटं आणि एकशे बारा गाड्यांची लॉगबुकं. रोज सकाळी चालक खिडकीशी रांग लावायचे. एक्केचाळीसने लॉगबुक तपासून सही केली की डिझेलची चिठ्ठी मिळायची. सही नाही तर डिझेल नाही. बाकी दिवसभर काम एकच, प्रत्येक गाडीचे गुण काढायचे. हे गुण शाळेच्या उलटे. जितके जास्त, तितकी गाडी थकलेली. वयाचा वर्षाला एक गुण, दर पंधरा हजार किलोमीटरला एक, दुरुस्तीच्या खर्चाचे काही, वर्कशॉपात पडून राहिलेल्या दिवसांचे काही. बेरीज तीस झाली की पुढच्या अंदाजपत्रकात त्या गाडीच्या बदल्यात नवी गाडी मागायची. तिसाच्या आत असेल तर चालू द्यायची.

पहिलं वर्ष त्याने नुसतं मान खाली घालून काढलं. दुसऱ्या वर्षी, जुनी लॉगबुकं झटकून ठेवताना, त्याच्या हाती त्याच्याच गाडीची पहिली दोन पुस्तकं लागली. हौस म्हणून चाळायला घेतली. चाळता चाळता तो खुर्चीवरून उठला, खिडकी लावून घेतली आणि परत बसला.

एका गुरुवारी एक्केचाळीस क्रमांकाची लॉरी एक लाख बावन्न हजार किलोमीटरवर होती. शुक्रवारी ती शून्यावर होती. मीटर बदलला होता, आणि जुना आकडा पुढे ओढायचा सोडून पुस्तक पहिल्या किलोमीटरपासून सुरू केलं होतं. त्याआधी एकदा, एक लाख वीस हजारांवर, असंच झालं होतं. म्हणजे ज्या गाडीला चौकशीने चौतीस हजारांची म्हटलं ती तीन लाख सहा हजार चाललेली होती. ब्रेकचं पूर्ण काम झाल्याला सहासष्ट हजार किलोमीटर उलटले होते. गुण काढले होते एकवीस. खरे काढले असते तर एकोणचाळीस. ही गाडी उतारावर असायलाच नको होती.

मग त्याने मीटर बदलाच्या चिठ्ठ्या काढल्या. 'जुन्या मीटरचे शेवटचे वाचन' हा रकाना कोरा, आणि कोपऱ्यात साहेबांची छोटी सही. एक नाही, दोन नाही, शेकड्याने चिठ्ठ्या. विभागात एक विनोद जुना होता : इंजिन मागा, सहा महिने लागतात, मीटर मागा, सहा तासांत मिळतो. सगळे हसायचे. का मिळतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

साहेब पैसे खात नव्हते, हे सांगून टाकायला हवं. तसं असतं तर सोपं झालं असतं. साहेब कौतुक खात होते. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीत ते उभे राहून सांगायचे, "आमचा ताफा तरुण आहे. या वर्षी फक्त पाचच गाड्या बदलायच्या." टाळ्या व्हायच्या. इतर विभाग कोटी मागायचे आणि हे शहाण्यासारखे लाखात भागवायचे. भिंतीवर काटकसरीची तीन मानपत्रं लटकत होती. त्यांच्या केबिनला नवा सोफा आला, ते दोनदा वरच्या पदावर चढले. आणि त्या तरुण ताफ्यातल्या म्हाताऱ्या गाड्या रोज उतारांवरून खाली येत होत्या.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. त्याच्या वेतनवाढी थांबल्यावरच तिने ते काम धरलं होतं.

"मग द्या ना तक्रार," ती म्हणाली.

"कोणाला? तक्रार साहेबांच्याच टेबलावर जाते. ते म्हणतील, आधीच्या कारकुनाने लिहिताना चूक केली. तो कारकून आता हयात नाही. मेलेल्या माणसावर बिल फाडणं सोपं असतं."

"मग काय करणार?"

"मीटर पाहिजेत. जुने, बंद पडलेले. कागद खोटा बोलतो, मीटरचा आकडा जिथे थांबला तिथे थांबला."

मीटर होते, हे त्याला ठाऊक होतं. भांडारात काम करणारे काका भित्रे होते, पण भित्र्या माणसाचा एक गुण असतो, तो काही फेकत नाही. बंद पडलेला प्रत्येक मीटर त्यांनी गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पत्र्याची पट्टी बांधून खोक्यात ठेवला होता. पण मागायला गेलं की काका हात जोडायचे. "कागद आणा बाबा. कागदाशिवाय मी तुम्हाला खिळासुद्धा दाखवणार नाही. माझ्या दोन मुलींची लग्नं राहिलीत."

कागदावर सही करणारा एकच माणूस होता. तेव्हा एक्केचाळीसने वाट पाहायचं ठरवलं. लोक म्हणतात राग थंड होतो. याचा राग त्या खोलीत रोज नऊ ते पाच बसायचा, डबा खायचा आणि आणखी धष्टपुष्ट व्हायचा. साहेबांची गाडी फाटकातून आत आली की तो खिडकीतून नमस्कार करायचा. साहेब मान हलवायचे. तो मनात म्हणायचा, हलवा, हलवून घ्या.

साहेबांच्या निवृत्तीला नऊ महिने राहिले तेव्हा मात्र त्याची झोप उडाली. माणूस एकदा हारतुरे घेऊन घरी गेला की त्याच्यामागे कोण लागतो? जे व्हायचं ते शेवटच्या अंदाजपत्रकाच्या आत व्हायला हवं होतं. त्याने आठ दिवस विचार केला आणि साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला.

"काय हो?" साहेब म्हणाले.

"साहेब, एक सुचवायचं होतं. भांडारात वर्षानुवर्षांचं भंगार पडलंय. त्याची वस्तुवार यादी करून लिलाव केला तर उत्पन्नाची एक ओळ वाढेल. शेवटचं अंदाजपत्रक आहे आपलं. आजवर खर्च कमी दाखवला, या वेळी जमासुद्धा दाखवता येईल."

साहेबांनी चष्मा काढला. जमा हा शब्द त्यांच्या तोंडात साखरेसारखा विरघळलेला दिसला. "अरे वा. डोकं आहे तुम्हाला. कोणत्या टेबलावर असता?"

"लॉगबुकला, साहेब."

"किती वर्षं?"

"सात."

"बरं, बरं. करा यादी. प्रत्येक वस्तूचं वर्णन, क्रमांक, अवस्था, सगळं नीट लिहा. ढिसाळ काम मला चालत नाही. एक प्रत लेखा विभागाला पाठवा." आणि आदेशावर झोकदार सही केली.

केबिनबाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, साहेबांनी त्याला ओळखलंच नव्हतं. ज्या माणसाची सात वर्षं एका सहीत गिळली, त्याचा चेहरासुद्धा त्यांच्याकडे नोंदवलेला नव्हता. जिन्यावर उभं राहून तो स्वतःशीच हसला. तोवर त्याला साहेबांना धडा शिकवायचा होता. त्या जिन्यावर त्याने ठरवलं, धडा पुरे नाही.

यादीला अडीच महिने लागले. काका एकेक खोकं काढून द्यायचे, हा फडक्याने काच पुसून आकडा लिहायचा. यादीत टायर, बॅटऱ्या, आरसे, हेडलाइट सगळं होतं आणि मध्येच दोनशे एकोणीस मीटर. प्रत्येकापुढे साहेबांच्या आदेशाप्रमाणे वर्णन, क्रमांक, अवस्था : 'बंद, वाचन १,५२,०००.' नियमाप्रमाणे प्रत लेखा विभागात गेली, आवक क्रमांक पडला. आता ती यादी कुणी खाऊ म्हटलं तरी खाऊ शकत नव्हतं.

मग घरी, वहीच्या पानांवर, त्याने बंद मीटरांचे आकडे चालू मीटरांत मिळवून एकशे बारा गाड्यांचे गुण नव्याने काढले. साहेबांच्या हिशेबाने या वर्षी चार गाड्या बदलायच्या होत्या. खऱ्या हिशेबाने सदतीस.

त्याचा बेत पक्का होता. बैठकीपर्यंत तोंड उघडायचं नाही. साहेब भर सभेत उभे राहून 'चार' म्हणतील, टाळ्या सुरू होतील, आणि मग. त्या 'आणि मग' वर तो रोज जगत होता.

पण सदतीस गाड्यांमध्ये अठ्ठावन्न क्रमांकाची लॉरी सगळ्यात वर होती. त्रेचाळीस गुण. ब्रेकचं काम होऊन ऐंशी हजार किलोमीटर झाले होते. आणि ती चालवायचा शिट्टी. हा पूर्वी एक्केचाळीसच्याच गाडीवर मदतनीस होता. गाडी मागे घेताना तोंडाने अशी शिट्टी घालायचा की हॉर्नची गरज लागत नसे. आता चाळिशीचा झाला होता, स्वतः चालक होता, पण याला अजून दादा म्हणायचा.

एक्केचाळीसने आधी चोरून उपाय केले. अठ्ठावन्नला कागदावर आजारी पाडलं. आज गळती, उद्या दिवा, परवा क्लच. तीन आठवडे ती वर्कशॉपात उभी राहिली. बैठकीला आठ दिवस राहिले असताना साहेबांचा निरोप आला : कचरा साचतोय, अठ्ठावन्न उद्या सकाळी रस्त्यावर पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शिट्टी खिडकीशी आला. "द्या दादा सही. टाकीच्या उताराकडची फेरी दिलीय मला. तुमच्या भिंतीला सलाम करून येतो."

एक्केचाळीसने पेन उचललं. सही केली तर डिझेल, डिझेल मिळालं की गाडी उतारावर. सही नाकारायची तर शेरा लिहावा लागणार, आणि शेऱ्याची प्रत साहेबांकडे जाणार. आठ दिवस आधी पाखरू उडून जाणार.

"दादा, मागे रांग आहे."

"ब्रेक कसा वाटतो?"

"जरा खोल जातो. दोनदा मारला की लागतो. सगळ्यांचेच तसे आहेत."

खरं सांगितलं तर माणूस वाईट दिसतो, पण खरं सांगायलाच हवं. तो क्षणभर घुटमळला. आठच दिवस, त्याच्या मनात आलं, आठ दिवसांत काय होतंय. आणि मग स्वतःच्याच मनाची त्याला शिसारी आली, कारण साहेबांनीही वर्षानुवर्षं नेमकं हेच म्हटलं असणार. त्याने लाल पेन घेतलं आणि लिहिलं : 'मीटर वाचन जुळत नाही. जुने वाचन मिळवता ब्रेकचे काम होऊन ऐंशी हजार किमी झालेले. डिझेल देऊ नये.'

"जा घरी," तो शिट्टीला म्हणाला. "आज सुट्टी घे."

"पगार?"

"पगार मी देतो, पण त्या गाडीत पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

अर्ध्या तासात बोलावणं आलं. साहेब उभे होते. समोर लॉगबुक उघडं.

"ही काय भानगड आहे? जुने वाचन म्हणजे काय?"

"भांडारातल्या यादीत आहे, साहेब. आपणच करायला सांगितली होती."

साहेब खाली बसले. नव्या सोफ्यावर नाही, खुर्चीवर. बराच वेळ ते त्याच्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू... तुम्ही तेच ना? भिंतीवाले?"

"आत्ता ओळखलंत."

"हे बघा." आवाज एकदम चुलत्यासारखा झाला. "तुमच्यावर अन्याय झाला असेल. कामाच्या रगाड्यात होतं कधी कधी. मी आजच टिपण टाकतो. सेवापुस्तकातला शेरा काढू, दोन्ही वेतनवाढी मागच्या तारखेपासून देऊ. सात वर्षांची थकबाकी म्हणजे छोटी रक्कम नाही. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की भांडाराच्या मीटर-पट्ट्या भरवशाच्या नाहीत. मला तीन महिने राहिलेत. तुम्हालाही संसार आहे."

"विचार करून सांगतो," एक्केचाळीस म्हणाला. हे त्याने मुद्दाम म्हटलं. साहेबांना एक दिवस आशेवर ठेवायची त्याची इच्छा होती. तोही एक दिवस वसूल करायचा होता.

घरी बायको मात्र उभी राहिली. "घ्या ना मग! शेरा जातोय, पैसे मिळतायत. आणखी काय पाहिजे? मी सात वर्षं काजं करतेय. डोळे बघा माझे."

"अगं, लिहून काय द्यायचं ते ऐकलंस का? काकांच्या पट्ट्या खोट्या. म्हणजे दोष काकांवर, गाड्या रस्त्यावर, आणि साहेब हार घालून घरी."

"काका तुमचे कोण लागतात?"

"कुणी नाही."

"मग?"

"मला ते हारात नको आहेत," तो म्हणाला. "बस. तुला चांगलं काहीतरी ऐकायचं असेल, तर शिट्टीचं नाव घेतो, काकांचं घेतो. पण खरं कारण हे आहे. त्या माणसाने मला सात वर्षं ओळखलं नाही. आता मला त्याला सगळ्यांसमोर ओळख करून द्यायचीय."

तिने त्या दिवशी भांडी जरा जास्तच जोरात आदळली. शेवटी पदराला हात पुसत म्हणाली, "करायचंच असेल तर नीट करा. अर्धवट सोडून आलात तर घरात घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला नाही. थेट लेखा विभागाच्या मॅडमकडे गेला. मॅडम नव्या होत्या, कोरड्या बोलण्याच्या, आणि आकडा जुळला नाही तर जेवत नाहीत अशी त्यांची ख्याती. त्याने वहीची पानं पुढे ठेवली. मॅडमनी भंगाराची यादी काढली. एकेक गाडी बोट ठेवून जुळवली. तेवीस गाड्या झाल्यावर म्हणाल्या, "हे मी बैठकीआधी वर पाठवू शकते. किंवा बैठकीत विचारू शकते."

"अठ्ठावन्न उभी आहे, मॅडम. बाकी छत्तीस?"

"त्यांचं लॉगबुक जुळत नाही तोवर डिझेल रोखायचा अधिकार माझा आहे. कारण सांगायची गरज नाही. हिशेब तपासणी चालू म्हणेन."

"मग बैठकीत विचारा."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही फार वाईट माणूस आहात हो."

"सात वर्षांपूर्वी नव्हतो."

ते आठ दिवस शहरात कचरा साचला, विभागाच्या नावाने लोकांनी बोटं मोडली. साहेबांनी लेखा विभागाला शिव्या घातल्या. मध्ये एकदा त्यांनी काकांकडून मीटरांची खोकी मागवली. काका हात जोडून म्हणाले, "कागद आणा, साहेब. आपलाच नियम आहे." त्या वाक्यावर काकांना पुढे महिनाभर लोकांनी चहा पाजला.

बैठकीला मोठे साहेब, म्हणजे शहराच्या कारभाराचे प्रमुख, स्वतः होते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे विभागप्रमुख. एक्केचाळीस आणि शिट्टी भिंतीला टेकून उभे, पायाशी हिशेब तपासणीसाठी मॅडमनी भांडारातून मागवलेली चार खोकी. साहेबांनी त्यांना पाहिलं. तरीही उभे राहिले आणि, काय सांगावं, सवयच ती, म्हणाले, "आमचा ताफा तरुण आहे. या वर्षी फक्त चार गाड्या."

टाळ्या झाल्या. मॅडमनी त्या पूर्ण होऊ दिल्या.

"मला सदतीस दिसतात," त्या म्हणाल्या.

"मीटरमध्ये काही तफावत आहे," साहेब म्हणाले. "भांडाराची चूक. पट्ट्या चुकीच्या लागल्यात."

"गुण कोणी काढले?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "एक्केचाळीस." मोठे साहेब यादीत एक्केचाळीस क्रमांक शोधू लागले. तेवढ्यात एक्केचाळीस पुढे आला, खोक्यातला एक मीटर उचलला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, एवढा वाचून दाखवा."

"माझा वाचायचा चष्मा..."

"खिशात आहे, साहेब. मी थांबतो."

साहेबांनी चष्मा लावला. "एक लाख बावन्न हजार."

"पट्टीवरची तारीख?"

त्यांनी ती वाचली.

"आता ही त्याच तारखेची चिठ्ठी. पट्टी भांडाराची आहे, चिठ्ठी आपली आहे. जुनं वाचन या रकान्यात काय लिहिलंय?"

"कोरा आहे."

"खाली सही कोणाची?"

साहेबांनी चिठ्ठी उलटी ठेवली. एक्केचाळीसने दुसरा मीटर ठेवला. मग तिसरा. प्रत्येकासोबत चिठ्ठी. मोठे साहेब पाचव्या मीटरला म्हणाले, "पुरे." एक्केचाळीस म्हणाला, "दोनशे एकोणीस आहेत, साहेब," आणि सहावा ठेवला. सहाव्याच्या चिठ्ठीवरही तीच सही होती. मग तो स्वतःहून मागे जाऊन भिंतीला टेकला.

त्या वर्षी सदतीस गाड्यांची तरतूद झाली. सगळ्या एकदम नाही, तीन हप्त्यांत. अठ्ठावन्नचं ब्रेकचं काम होईपर्यंत शिट्टी भाड्याच्या गाडीवर फिरला. साहेबांवर विभागीय चौकशी बसली आणि निरोप समारंभाचं सभागृह कुणी आरक्षित केलं नाही. एक्केचाळीसच्या सेवापुस्तकातला शेरा रद्द झाल्याचं पत्र आलं, पाच ओळींचं. त्यात खेद वगैरे काही नव्हता. वेतनवाढी मिळाल्या. बोटं तशीच राहिली.

पण त्याला विचाराल तर यातला कुठलाच दिवस तो सांगत नाही. तो सांगतो साहेबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस.

निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला 'येणे बाकी नाही' असा दाखला लागतो. तो कागद घेऊन स्वतः टेबलोटेबली फिरायचं आणि प्रत्येक विभागाची सही गोळा करायची. ग्रंथालय, भांडार, लेखा, आणि लॉगबुकची खोली. साहेब दुपारी तीन वाजता खिडकीशी आले. अंगात साधा शर्ट, हातात तो कागद.

"एक सही हवी होती," ते म्हणाले.

"आपल्या वापरातल्या गाडीचं लॉगबुक तपासावं लागेल, साहेब."

"तपासा."

एक्केचाळीसने पहिलं पान काढलं. मग दुसरं. प्रत्येक फेरी, प्रत्येक आकडा, पट्टी लावून. खोलीत एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर त्याने त्याच गाडीची जुनी लॉगबुकं ठेवली. मागे चालकांची रांग लागली. कुणी घाई केली नाही. उलट जे गेले होते ते परत आले. दीड तास साहेब उन्हात उभे होते.

"झालं का?"

"आकडे बरोबर आहेत, साहेब."

"मग सही करा."

"सही करता येत नाही. चौकशी चालू आहे. ती संपेपर्यंत या टेबलाची सही नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हे तुम्हाला तीन वाजताच माहीत होतं!"

"हो."

"मग मला दीड तास उभं का केलंत?"

एक्केचाळीसने लॉगबुक मिटलं. "ढिसाळ काम आपल्याला चालत नाही ना," तो म्हणाला, आणि त्यांच्या मागे उभ्या चालकाला हाक मारली, "चला, पुढचा."

संध्याकाळी त्याने बायकोला ते जसंच्या तसं सांगितलं. म्हणतात, सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो. तो दोन वेळा वाढून घेऊन जेवला.

"दीड तास?" तिने विचारलं.

"दीड."

"पाणी तरी विचारलंत का?"

"नाही."

तिने ताटं उचलली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाली, "चौकशी संपल्यावर त्यांना पुन्हा यावं लागेल ना सहीला?"

"यावंच लागेल."

"आधी दिवस कळला तर मला सांगा," ती म्हणाली. "मी कारखान्यातून सुट्टी काढते."